एका पाइल कॅपची सहा नावे : मोठ्या पायाभूत प्रकल्पात डेटा आर्किटेक्टचे काम

नदीवरच्या पुलाची एक पाइल कॅप घ्या, म्हणजे जमिनीतल्या पाइलच्या डोक्यावर ओतलेला आणि पुलाचा खांब (पिअर) पेलणारा काँक्रीटचा ठोकळा. ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद, १.८ मीटर जाड, म्हणजे ६४.८ घनमीटर काँक्रीट. ड्रॉइंगवर ती 'पी-१४ ची पाइल कॅप' असते. वेळापत्रकात ती ए-२२३० क्रमांकाची ॲक्टिव्हिटी. साइटवर तिला 'पलीकडच्या काठाकडून तिसरी' म्हणतात. लॅबच्या रजिस्टरात 'पिअर १४ नवीन' अशी नोंद होते, एमबीत (मोजमाप वहीत) 'फाउंडेशन, आयटम ३.०७', आणि बिलात तिला नावच नसते, पाच कॅप मिळून एकच आकडा.

२८ दिवसांनी तिच्या क्यूबचा (ताकद तपासायला भरलेल्या काँक्रीटच्या छोट्या ठोकळ्याचा) निकाल कमी येतो. आता तीन प्रश्न पडतात: नेमकी कुठली कॅप, तिचे पैसे दिले गेले का, आणि तिच्यावर पिअर किती उंच चढला आहे. उत्तर पाच मिनिटांत मिळाले तर डेटा आर्किटेक्टने आपले काम केले आहे. तीन इंजिनियर दोन दिवस रजिस्टरे चाळत बसले तर प्रकल्पाकडे कितीही महागडा डॅशबोर्ड असो, पाया कच्चा आहे. हे काम सर्व्हर निवडण्याचे नाही. कशाला काय म्हणायचे आणि ते कुणी ठरवायचे, याचे आहे.

निविदेच्या आधी

डेटाच्या अटी निविदेत नसतील तर पुढे प्रत्येक मागणी 'एक्स्ट्रा आयटम' होते, आणि त्यात कंत्राटदाराची काही चूक नसते. म्हणून निविदा निघण्याआधी माहितीच्या गरजांचे वेगळे परिशिष्ट तयार करा. बांधकामाच्या माहितीचे व्यवस्थापन सांगणाऱ्या आयएसओ १९६५० या मालिकेचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले. त्यांची चौकट घ्या, पण कागद पंचवीस पानांच्या वर जाऊ देऊ नका. दोनशे पानांचे परिशिष्ट कंत्राटदार दुसऱ्या प्रकल्पाच्या उत्तराची नक्कल करून भरतो आणि कुणी वाचत नाही.

परिशिष्टात ठोस हवे ते इतके: कुठल्या टप्प्याला कुठला डेटा, कुठल्या फॉरमॅटमध्ये, कोण तपासणार, किती दिवसांत. मॉडेल मूळ सॉफ्टवेअरच्या फाइलीत आणि आयएफसीत (कुठल्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर न अडणाऱ्या खुल्या फॉरमॅटमध्ये), असे दोन्ही मागा. रस्ते, पूल, रेल्वे आणि बंदरे यांचे घटक आयएफसी ४.३ मध्ये आले आणि ती आवृत्ती २०२४ मध्ये आयएसओ मानक झाली. जुन्या २x३ आवृत्तीत अलाइनमेंट (मार्गाची आखणी रेषा) धड बसत नाही. आवृत्ती लिहिली नाही तर कंत्राटदाराकडे जे असेल तेच हाती पडेल.

दंडाची कलमे फारशी चालत नाहीत, कारण दंड लावायला कुणी धजत नाही. त्यापेक्षा बीओक्यूमध्ये (कामांच्या परिमाण-दर यादीत) 'माहिती सादरीकरण' असा वेगळा आयटम ठेवा आणि त्याचे पैसे टप्प्याटप्प्याने सोडा. ज्याचे बिल निघते ते काम साइटवर होते.

आणखी एक अट इथेच घाला. केंद्राच्या २०२१ च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार आडव्या दिशेने १ मीटर आणि उभ्या दिशेने ३ मीटर यापेक्षा बारीक अचूकतेचा डेटा भारतीय संस्थांनीच तयार करायचा आणि भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायचा असतो. तुमचा सगळा टोपोग्राफिक सर्व्हे त्याहून बारीक असतो. परदेशी सल्लागाराचा परदेशी क्लाउड हा विषय काम सुरू झाल्यावर निघाला तर डेटा हलवण्यात महिना जातो.

आयडी कसा द्यावा

प्रत्येक भौतिक घटकाला एकच आयडी आणि तो जन्मभर तोच. ड्रॉइंगला पहिला जीएफसी (बांधकामाला मंजूर) शिक्का पडण्याआधी घटकांची यादी काढून आयडी वाटून टाका. नंतर वाटायला गेलात तर प्रत्येक खात्याने आपापला क्रमांक वापरायला सुरुवात केलेली असते.

रचना साधी ठेवा: प्रकल्प, पॅकेज, संरचना, घटकाचा प्रकार, अनुक्रमांक. उदाहरणार्थ जीए-पी२-बीआर०३-पीसी-०१४. (प्रत्यक्षात हे रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहा, सगळी सॉफ्टवेअर तेच धड ओळखतात.) अनुक्रमांक तीन आकडी, पुढे शून्य लावून. ओ आणि आय ही अक्षरे टाळा. साइटवर हाताने लिहिताना ती शून्य आणि एक होतात.

आयडीत काय नको हे जास्त महत्त्वाचे. चेनेज (मार्गाच्या सुरुवातीपासूनचे अंतर) नको, कंत्राटदाराचे नाव नको, गाव नको, तालुका तर नकोच. गोव्यात हे शिकायला फार लांब जावे लागत नाही. फोंडा तालुका २०१५ मध्ये उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. २०११ च्या जनगणनेत अकरा तालुके आहेत, त्यात धारबांदोडा नाही. राष्ट्रीय महामार्ग १७ चा ६६ झाला, ४-अ चा ७४८ झाला, आणि जुन्या फाइलींत जुनेच आकडे आहेत. जे सरकारी अधिसूचनेने बदलू शकते ते आयडीत घातले की आयडी खोटा ठरतो. ती माहिती वेगळ्या रकान्यात ठेवा, 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' या दोन तारखांसह.

उरलेली नावे मारू नका. साइटवरचा फोरमन 'पलीकडून तिसरी'च म्हणणार, आणि त्याला कोड शिकवण्यात वेळ घालवू नये. पर्यायी नावांचा एक तक्ता करा: आयडी, नाव, कोण वापरतो. शोध कुठल्याही नावाने लागला पाहिजे.

आयडी प्रत्यक्ष घटकावरही हवा. कागदी क्यूआर स्टिकर खाऱ्या हवेत आणि पहिल्याच जूनमध्ये निघून जातो. काँक्रीटवर स्टेन्सिलने ऑइल पेंट किंवा स्टेनलेस स्टीलची पट्टी, यांतले एक करा.

एक कास्टिंग, सगळ्या नोंदी

परत त्या पाइल कॅपकडे. ६४.८ घनमीटरला ६ घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या अकरा खेपा लागतात, म्हणजे अकरा चलने. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातल्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला चार नमुने, आणि पुढच्या प्रत्येक ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला एक जादा. म्हणजे इथे पाच नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, एकूण पंधरा. सात दिवसांच्या चाचणीचे क्यूब वेगळे. शिवाय तपासणीची विनंती, बार बेंडिंग शेड्यूल, ड्रॉइंगची आवृत्ती, एमबीचे पान, आरए (चालू) बिलाची ओळ.

नवखा आर्किटेक्ट हे सगळे थेट घटकाच्या आयडीला जोडतो. तिथेच चुकते. आठव्या खेपेला जोराचा पाऊस आला, काम थांबले, उरलेले काँक्रीट दोन दिवसांनी पडले. आता एका कॅपची दोन कास्टिंग झाली, मध्ये कन्स्ट्रक्शन जॉइंट आला, आणि नमुन्यांची संख्याही बदलली: ४८ घनमीटरला चार, १६.८ ला तीन, एकूण सात. उलटेही होते. एकाच दिवशी एकाच बॅचमधून दोन छोट्या कॅप भरल्या जातात. म्हणून 'घटक' आणि 'कास्टिंग' हे दोन वेगळे तक्ते आणि मध्ये जोडणारा तिसरा: कुठल्या कास्टिंगचे किती घनमीटर कुठल्या घटकात गेले. चलन आणि क्यूब कास्टिंगला जोडा. ड्रॉइंग आणि बिल घटकाला.

त्यानंतर मशीनकडून तीन तपासण्या रोज रात्री करून घ्या. चलनांची बेरीज आणि ड्रॉइंगवरचे घनफळ यांत पाच टक्क्यांहून जास्त फरक आहे का. नमुने तक्त्याप्रमाणे आहेत का. आणि ज्या घटकाचा २८ दिवसांचा निकाल अजून आलेला नाही, त्याचे बिल 'तात्पुरते' म्हणूनच दिसते आहे ना. तिसरी तपासणी अकाउंट्सला आवडत नाही. तरी लावा.

फरकाची पाच टक्के मर्यादा पाइल कॅपला ठीक आहे. जमिनीत ओतलेल्या पाइलला तीच लावलीत तर रोज खोटे इशारे येतील, कारण मऊ चिखलात पाइलचे भोक फुगते आणि काँक्रीट जास्त जाते. पाइलसाठी उलट विचार करा: ठरल्यापेक्षा कमी काँक्रीट गेले असेल तर लगेच इशारा.

जागा सांगण्याच्या तीन पद्धती

निर्देशांक, चेनेज आणि उंची. तिन्हींत गोंधळाची सोय आहे.

गोवा युटीएमच्या (नकाशासाठी जगाचे उभे पट्टे पाडणाऱ्या पद्धतीच्या) ४३ उत्तर झोनमध्ये येतो, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा ईपीएसजी संकेतांक ३२६४३. हा झोन ७५ अंश रेखांशावर मधोमध असतो आणि पणजी ७३.८ च्या आसपास आहे. त्यामुळे नकाशावरचे अंतर जमिनीवरच्या अंतरापेक्षा किलोमीटरमागे सुमारे २० सेंटिमीटर कमी भरते. घराच्या प्लॉटला याचे काही वाटत नाही. मांडवीवरचा अटल सेतू साधारण ५.१ किलोमीटरचा आहे. तेवढ्या लांबीत हा फरक मीटरभर होतो. एका पॅकेजचा सर्व्हेअर नकाशाच्या अंतरात आणि दुसऱ्याचा जमिनीच्या अंतरात आखणी करत असेल तर दोन्ही टोके एकमेकांना भेटणार नाहीत. उपाय: प्रकल्पाची एकच स्थानिक ग्रिड ठरवा, तिचा स्केल फॅक्टर (नकाशा आणि जमीन यांच्या अंतरांचे गुणोत्तर) आणि मूळ बिंदू एका पानावर लिहा, आणि प्रत्येक फाइलीच्या मेटाडेटात ते नाव सक्तीचे करा. जुनी टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे निर्देशांक मोजण्याचा पाया) असतात. रूपांतर न करता जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर ठेवली तर विहीर शेजारच्या वाड्यावर जाऊन पडते.

उंचीचे आणखी वेगळे. जीपीएसची कच्ची उंची लंबगोलावरून मोजलेली असते, त्यामुळे मिरामारच्या वाळूवर उभे राहूनही आकडा उणे दिसतो. रस्त्याचा आरएल (पातळीचा आकडा) सरासरी समुद्रपातळीपासून. आणि नदीच्या तळाचा सर्व्हे बंदरवाल्यांकडून आला तर तो चार्ट डेटमपासून (सागरी नकाशावरच्या खोलीच्या शून्यापासून), जो सरासरी पातळीच्या मीटरभर खाली असतो. तिन्ही आकड्यांच्या रकान्याला 'लेव्हल' असेच नाव असते. रकान्याच्या नावातच संदर्भ घाला: आरएल_एमएसएल, खोली_सीडी (एमएसएल म्हणजे सरासरी समुद्रपातळी, सीडी म्हणजे चार्ट डेटम). बार्जसाठी पुलाखालची मोकळी उंची काढताना ही चूक लपत नाही.

चेनेज माणसांना बोलायला छान. '१४+१०० ला कल्व्हर्ट' म्हटले की सगळ्यांना कळते. पण साठवायला वाईट. समजा देऊळ वाचवायला अलाइनमेंट वळवली आणि लांबी २०० मीटरने वाढली. पुढचे सगळे चेनेज बदलू नयेत म्हणून डिझायनर '१४+२०० = १४+०००' असे समीकरण लिहून देतो. आता १४+१०० नावाच्या दोन जागा झाल्या. म्हणून खरी नोंद निर्देशांकांची ठेवा, अलाइनमेंटला आवृत्ती क्रमांक द्या, आणि चेनेज दर वेळी त्यावरून काढा. कागदावर चेनेज छापाल तिथे अलाइनमेंटची आवृत्तीही छापा.

जमीन

बाहेरून आलेला आर्किटेक्ट सगळ्यात जास्त इथे अडकतो, म्हणून जरा सविस्तर.

मूळ कागद म्हणजे एक-चौदाचा उतारा, गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद. त्यावरचा सर्व्हे नंबर फक्त त्या महसुली गावापुरता एकमेव असतो. तेव्हा चावी अशी: गावाचा एलजीडी (सरकारी गावयादीतला) संकेतांक, सर्व्हे नंबर, उपविभाग, आणि असल्यास अक्षर. चारही वेगळ्या रकान्यांत, चारही मजकूर म्हणून. मजकूर का? एक्सेलमध्ये ३/११ टाइप करून पाहा, तारीख होते. बिंदू देऊन लिहायला गेलात तर १.१० आणि १.१ एकच होतात, आणि दोन भूखंडांचा एक भूखंड. अशी यादी अधिसूचनेपर्यंत गेली तर शुद्धिपत्रक काढावे लागते. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडणे, बदलणे आणि परत जतन करणे या सवयीवर बंदी घाला. रकान्याचा प्रकार आधी ठरवून मगच आयात करा.

गाव नावावरून ओळखू नका. पंचायत आणि महसुली गाव एक नव्हे. एका पंचायतीत अनेक महसुली गावे असू शकतात. रेल्वे स्थानकावर करमळी लिहिलेले असते, कागदात ते कारांबोळी, आणि सत्तरीत ब्रह्मकरमळी वेगळेच. कुठ्ठाळीचे स्पेलिंग इंग्रजी कागदात उच्चाराशी जुळत नाही, आगशी आणि केळशीचेही तेच. पर्यायी नावांचा तक्ता इथेही लागतो, आणि तो मामलेदार कचेरीतल्या कारकुनाबरोबर बसून तपासून घ्या. ऑनलाइन नकाशावरची नावे उचलू नका.

माणसांच्या नावांचे तर विचारू नका. एकाच घराण्यातला एक भाऊ प्रभू, दुसरा जुन्या कागदात पोरोब. कामत आणि कामोतीम, शेणवी आणि सिनाय, नाईकच्या इंग्रजी स्पेलिंगचेच दोन-तीन प्रकार. नावे जुळवणारे सॉफ्टवेअर फक्त 'हे दोघे एक असू शकतात' अशी यादी देण्यापुरते वापरा. आपोआप एकत्र करू देऊ नका. दोन चुलतभावांची नावे एकत्र झाली की एकाचा मोबदला दुसऱ्याच्या खात्यावर जातो, आणि तो परत आणायला न्यायालय लागते.

हक्क हा एक रकाना नाही, तक्ता आहे. एकाच तुकड्यावर कब्जेदार, कूळ, मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) घर, कोमुनिदादचा (गावाच्या सामूहिक जमिनीच्या संस्थेचा) हक्क आणि 'इतर हक्क' एकाच वेळी असू शकतात. त्यात पोर्तुगीज काळातला मात्रीज (कराच्या नोंदीचा) नंबर आणि जमीन नोंदणीचा क्रमांक विक्रीखतात असतो, पण त्यांची आजच्या सर्व्हे नंबरशी एकास एक जोडी लागतेच असे नाही. ते रकाने ठेवा, पण चावी म्हणून वापरू नका. वाटणी झाली की ४५/१ चे ४५/१-अ आणि ४५/१-ब होतात. जुनी नोंद पुसू नका, तिला शेवटची तारीख द्या आणि नव्या नोंदीत 'मूळ भूखंड' म्हणून तिचा आयडी लिहा. क्षेत्र चौरस मीटरमध्ये, पूर्णांकात, एकाच एककात.

तारखा मशीनच्या हाती द्या. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात ३-अ च्या (जमीन घेण्याचा इरादा सांगणाऱ्या) अधिसूचनेवर हरकतींना २१ दिवस, आणि ३-अ पासून वर्षभरात ३-ड ची संपादनाची घोषणा झाली नाही तर पहिली अधिसूचना निष्प्रभ होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातही कलम ११ च्या प्राथमिक अधिसूचनेपासून कलम १९ च्या घोषणेपर्यंत बारा महिन्यांची मुदत आहे. प्रत्येक भूखंडाला या तारखा लावा आणि नव्वद दिवस आधी इशारा द्या. तीस दिवस आधी दिलात तर त्यात चतुर्थी आली म्हणून समजा.

बँक खाते, आधार आणि फोन नंबर नकाशाच्या लेयरमध्ये कधीही नकोत. वेगळा तक्ता, मोजक्याच लोकांना प्रवेश, आणि कुणी पाहिले याची नोंद. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे म्हणून, आणि गावात कुणाला किती मिळाले हे नकाशावर दिसले की पुढची मोजणी कुणी करू देत नाही म्हणूनही.

फाइली आणि साइट

फाइलींच्या चार अवस्था पुरतात: काम चालू, वाटलेली, प्रसिद्ध, जुनी. साइटवर फक्त 'प्रसिद्ध' दिसावी. व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग फिरणे थांबणार नाही. निदान प्रत्येक पानावर आवृत्ती आणि क्यूआर छापा, स्कॅन केल्यावर हिरवे किंवा लाल दिसू द्या.

मोले किंवा अनमोड घाटात नेटवर्क नसते, त्यामुळे नोंदी ऑफलाइन घ्याव्या लागतात. नोंदीचा क्रमांक फोननेच यादृच्छिक यूयूआयडी (पुन्हा न येणारा लांबलचक क्रमांक) म्हणून द्यावा. सर्व्हरने रांगेत क्रमांक द्यायची पद्धत ठेवली तर सिंक अर्धवट तुटून एकच तपासणी दोनदा चढते. नोंद केव्हा केली आणि केव्हा पोचली, या दोन वेगळ्या वेळा ठेवा. फॉर्ममध्ये बारा रकान्यांहून जास्त नकोत. तेराव्या रकान्यापासून लोक 'ओके' लिहितात.

साधनांवर फार खल करू नका. पहिल्या वर्षाला पोस्टजीआयएस (नकाशाचा डेटाबेस), क्यूजीआयएस (नकाशे पाहण्याचे सॉफ्टवेअर), एक दस्तऐवज प्रणाली आणि रात्रीच्या तपासण्यांचे काही स्क्रिप्ट एवढ्यावर भागते. साइट ऑफिसातला टेबलाखालचा सर्व्हर मात्र मे संपायच्या आत उचलून वर ठेवा, आणि बॅकअप परत चढवून पाहा. बॅकअप घेतला एवढे पुरेसे नाही.

हस्तांतरणाची चाचणी

काम संपल्यावर देखभाल करणाऱ्या खात्याला जे लागते ते डिझायनरच्या मॉडेलमध्ये क्वचितच असते: बेअरिंगचा (गर्डर आणि खांब यांच्यामधल्या आधाराचा) उत्पादक आणि अनुक्रमांक, बसवल्याची तारीख, हमीची मुदत, बदलायला जॅक कुठे लावायचा. ही यादी देखभालीच्या इंजिनियरला पहिल्याच वर्षी विचारून घ्या आणि रकाने तेव्हापासून भरत जा. शेवटच्या महिन्यात भरलेले रकाने अंदाजाने भरलेले असतात.

स्वीकारण्याआधी असे करा. पुलावर जाऊन डोळे मिटून दहा घटक निवडा: दोन बेअरिंग, एक एक्स्पान्शन जॉइंट, दोन पाइल कॅप, एक दिव्याचा खांब, उरलेले जे समोर येतील ते. पट्टीवरचा आयडी वाचा आणि ऑफिसात बसलेल्या, या प्रकल्पावर कधीही काम न केलेल्या एखाद्या जेईला (कनिष्ठ अभियंत्याला) फोन करा. त्याने प्रत्येकाचे ड्रॉइंग, चाचणीचा निकाल, बिलाची ओळ आणि खालच्या जमिनीचा सर्व्हे नंबर काढून दाखवायचा. दहांपैकी नऊ जमले तर कागदावर सही करा. सातच जमले तर माहितीच्या आयटमचा शेवटचा हप्ता रोखून यादी परत पाठवा.